म्हाताऱ्या मोटारीचे तेल-पाणी

मोटार जुनी झाली की तिच्या कुरबुरी सुरू होतात. आपले दुखणे ती धुरातून सांगते, आवाजातून सांगते, वासातून सांगते आणि रात्री जमिनीवर पडलेल्या डागांतून सांगते. ही भाषा अवघड नाही. बाराखडी शिकलेल्या माणसाला ती आठ दिवसांत येते. मग मिस्त्रीने "इंजिन गेलंय, काम काढावं लागेल" असे म्हटले, तर ते खरे की खोटे हे आपले आपल्याला कळते.

आमच्या मासवण भागात जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. पालघर–मनोर रस्त्यावर घटकाभर उभे राहा. नव्या गाड्यांच्या मधून एखादी वीस-पंचवीस वर्षांची गाडी धूर सोडत जाताना दिसतेच. तिच्यात घरची सहा माणसे, भाताचे एखादे पोते आणि मागे टोपल्या. पाड्यावरून रात्री-अपरात्री एखाद्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे झाले, तर १०८ नंबरला फोन करावा, हे खरे. पण ती गाडी येईपर्यंत वाट पाहण्याजोगी वेळ नसली, तर शेजाऱ्याचीच मोटार काढतात. अशा वेळी ती खिंडीत बंद पडली तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून हा पाठ.

उदाहरणाला आम्ही प्रीमियर पद्मिनी ही गाडी घेतो. तिला आपल्याकडे अजून 'फियाट'च म्हणतात. तेही चूक नाही. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून तिथे फियाट ११०० ही गाडी बनू लागली. १९७४ पासून तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. तीच ही गाडी. २००१ च्या सुमारास ती बनायची बंद झाली. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला तिथे वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. घरगुती पद्मिनी मात्र अजून कुठे कुठे जिवंत आहेत. लोक लग्नाच्या वरातीला त्या हौसेने मागतात.

हीच गाडी घेण्याचे कारण असे, की तिचे इंजिन साधे आहे. बॉनेट उघडले की कुठे काय आहे ते डोळ्यांना दिसते. तुमच्याकडे अँबेसेडर असो, एस्टीम असो की इंडिगो असो, तेलाचे नियम तेच.

पद्मिनीच्या इंजिनात चार नळकांडी असतात. मिस्त्री त्यांना सिलिंडर किंवा बोअर म्हणतात. प्रत्येक नळकांड्यात एक दट्ट्या वर-खाली होतो. तो पिस्टन. नळकांड्याची रुंदी ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. चारही मिळून १०८९ घन सेंटिमीटर जागा होते. गाडी बऱ्या वेगात असताना इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला पन्नास. तुम्ही "एक" म्हणेपर्यंत प्रत्येक पिस्टन पन्नास वेळा वर जाऊन पन्नास वेळा खाली आलेला असतो. लोखंडावर लोखंड इतक्या वेगाने घासले तर दुसरे काय होणार? तापेल, चिकटेल आणि जाम होईल. तसे होऊ नये म्हणून मध्ये तेलाचा पातळसा थर लागतो. तो केसाहूनही बारीक असतो. पण तो आहे तोवर लोखंड लोखंडाला लागत नाही.

इंजिनात घालायच्या या तेलाला सगळेच 'ऑईल' म्हणतात. आम्हीही तसेच म्हणू. ऑईल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये साठते. तिथून एक छोटा पंप ते उचलून सगळ्या बेरिंगांना पाठवतो. ऑईल नुसते वंगण करत नाही. ते आतली उष्णता वाहून नेते. जळालेल्या पेट्रोलची काजळी स्वतःत घेते. लोखंडाला गंज चढू देत नाही. म्हणून चांगले ऑईल थोड्याच दिवसांत काळे पडते. काळे ऑईल बघून पुष्कळ लोक घाबरतात. घाबरू नये. काजळी आत राहण्याऐवजी ऑईलमध्ये आली, एवढाच त्याचा अर्थ.

गज कसा पाहावा

इंजिनाच्या बाजूला एक लोखंडी पट्टी खोचलेली असते. कोणी तिला गेज म्हणतात, कोणी गज, कोणी डिपस्टिक. ती पाहायची वेळ सकाळची. गाडी सपाट जागी उभी हवी. आमच्याकडे घरापुढचे अंगण बहुधा उताराचे असते. तिथे पाहिले तर माप चुकते. इंजिन नुकतेच बंद केले असेल, तर दहा मिनिटे थांबा, म्हणजे वरचे ऑईल खाली उतरेल. गज काढा. स्वच्छ फडक्याने पुसा. पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग काढून पाहा. पहिल्या खेपेचे माप धरू नका.

गजावर दोन खुणा असतात. खालची कमीत कमी, वरची जास्तीत जास्त. ऑईल त्या दोहोंच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असावे. वरच्या खुणेपलीकडे भरणारे लोकही आम्ही पाहतो. "जास्त घातलं तर बरंच की!" असे त्यांना वाटते. ते बरे नाही. जास्तीचे ऑईल फिरत्या क्रँकच्या फटक्यात सापडते, त्याचा फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही. शिवाय दाबाने सील फुटतात व गळती लागते.

आता एक बारीक गोष्ट. ऑईल कमी होणे हे जुन्या गाडीत चालायचेच. पण ते न घालता वाढले, तर तो धोका समजावा. वाढलेले ऑईल म्हणजे त्यात दुसरे काही तरी शिरले आहे. गजाचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटर जास्त पेट्रोल सोडतो आहे, किंवा पेट्रोल पंपाचा पडदा फाटला आहे. ऑईल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी आहे. ते बहुधा हेडचे गॅस्केट फुटल्याने येते. अशी गाडी चालवू नये, ढकलत न्यावी लागली तरी चालेल.

मात्र पावसाळ्यात ऑईल घालण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट साय धरते. ती पाहून लगेच गॅस्केटवर खापर फोडू नका. मासवणहून पालघरच्या बाजाराला जाऊन यायचे आणि गाडी उभी करायची, असे रोज थोडे-थोडे चालवले तर इंजिन पुरते तापत नाही. आतली वाफ बाहेर जात नाही. तीच झाकणाला धरते. एकदा गाडी तास-दीड तास लांब चालवून आणा आणि पुन्हा पाहा. साय गेली आणि गज स्वच्छ असला, तर काळजीचे कारण नाही. असल्या सायीसाठी इंजिन खोलायला सांगणारे मिस्त्रीही भेटतात.

डबा वाचावा

आपण वाचायला शिकलो, ते इथे उपयोगी पडते. ऑईलच्या डब्यावर काय छापले आहे ते पाहा. त्यावर '२०डब्ल्यू-५०' किंवा '२०डब्ल्यू-४०' असे काही तरी असते. डब्ल्यू हे 'विंटर' या शब्दाचे पहिले अक्षर. विंटर म्हणजे हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑईल थंडीत सहज वाहते. नंतरचा आकडा जितका मोठा, तितके ते तापल्यावर दाट राहते. नव्या मोटारींना ५डब्ल्यू-३० किंवा त्याहूनही पातळ ऑईल लागते, कारण त्यांच्या आतल्या फटी फार बारीक असतात. पद्मिनीसारख्या जुन्या, झिजलेल्या इंजिनाला २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० मानवते. दुकानदार "हे महागाचं आहे, म्हणून चांगलं" असे सांगून पातळ ऑईल देऊ लागला, तर घेऊ नका. महाग ऑईल वाईट नसते, पण ते या इंजिनाचे नव्हे. ते फटींतून गळते आणि दाब पडतो.

डब्यावर दोन इंग्रजी अक्षरांची खूणही असते. पहिले अक्षर 'एस' असेल तर ऑईल पेट्रोलच्या गाडीचे. 'सी' असेल तर डिझेलच्या गाडीचे. पुष्कळ डब्यांवर दोन्ही असतात. झाकणाचे सील पाहून घ्या. रिकाम्या डब्यांत भलतेच तेल भरून विकणारे लोक आहेत. म्हणून आपला डबा रिकामा झाला की भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्याला सुरीने भोक पाडावे.

साध्या ऑईलवर जुनी गाडी साधारण ५,००० किलोमीटर चालवावी. तेवढी चालली नाही तरी वर्षातून एकदा ऑईल बदलावे. आम्हाला विचाराल तर पावसाळा संपल्यावर, भातकापणीच्या आधी बदलणे सोयीचे. बदलताना इंजिन कोमट असावे. थंड ऑईल तळाशी बसून राहते, आणि फार गरम असले तर हात भाजतो. तळाचा नट काढताना त्याखालचा वायसर हरवू देऊ नका. निम्म्या गाड्यांची गळती या चार आण्याच्या वायसरातून सुरू होते. ऑईलबरोबर फिल्टरकडेही पाहावे. तुमच्या गाडीत बदलायचा असेल तर बदला, धुवायचा असेल तर धुवा.

धुराचे रंग

सायलेन्सरमधून निघणारा धूर तीन रंगांचा असतो.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. आधी चोक ओढलेला राहिला आहे का ते पाहा. हसू नका, दहांतल्या चार वेळा तेच निघते! मग एअर फिल्टर उघडा. पाड्यांकडे जाणारे आमचे रस्ते उन्हाळ्यात तांबड्या धुळीचे असतात. फिल्टर महिन्यात भरून जातो. तो ठोकून झाडला, नाही तर नवा घातला, की काळा धूर बऱ्याचदा जातो. नाहीच गेला तर कार्बोरेटर.

पांढरा धूर दोन प्रकारचा. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी सुरू केली की थोडी वाफ निघते आणि विरून जाते. ती निरुपद्रवी. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरमधले पाणी रोज कमी होऊ लागले, तर पाणी सिलिंडरमध्ये जाते आहे. पुन्हा गॅस्केटच.

निळसर धुराला मात्र थोडे अधिक लक्ष द्यावे लागते. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. ते कुठून जळते हे धूर कधी येतो त्यावरून समजते. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळा झोत आला आणि मग थांबला, तर रात्रभरात व्हॉल्व्हच्या बाजूने ऑईल खाली झिरपले आहे. वाघोबा खिंड उतरताना आपण पेट्रोलवरचा पाय काढतो. खाली आल्यावर पुन्हा पाय दिला की मागे निळा लोट दिसला, तरी दोष व्हॉल्व्हचाच. हे काम हेड उतरवून होते. त्याला इंजिन पुरते खोलावे लागत नाही. पण खिंड चढताना, भार असताना, सतत निळा धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत किंवा बोअर झिजला आहे. हे मोठे काम.

या दोहोंतला फरक पक्का करायची एक जुनी युक्ती आहे. मिस्त्रीला कॉम्प्रेशन मोजायला सांगा. ज्या सिलिंडरचा आकडा कमी आला, त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजायला सांगा. ऑईल रिंगांभोवती पसरून फट भरते. आकडा वाढला तर दोष रिंगांचा. नाही वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. हे मोजताना तुम्ही शेजारी उभे राहा आणि आकडे कागदावर लिहून घ्या. मोठे काम सांगून लहान काम करणाऱ्याला असा कागद आवडत नाही.

तांबडा दिवा

आमच्या ओळखीचे एक कुटुंब. शेती थोडी, मुलगा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. आजारी आईला पालघरला न्यायला-आणायला घरची गाडी असावी म्हणून त्यांनी भाताचे पैसे आणि थोडे उसने मिळवून एक जुनी सेडान घेतली. पाहायला गेले तेव्हा गाडी आधीच सुरू करून ठेवलेली होती. धूर नाही, आवाज नाही. इंजिन धुऊन चकचकीत केलेले. सौदा झाला. पंधरा दिवसांत गाडी निळा धूर ओकू लागली. विकणाऱ्याने आत फार दाट ऑईल भरले होते. दाट ऑईलने झिजलेल्या रिंगांचा धूर काही दिवस झाकला जातो आणि बेरिंगांचा खडखडाटही दबतो.

पुढे एका संध्याकाळी आईला घेऊन येताना घाटात समोरचा तांबडा दिवा लागला. मुलाला वाटले, घर आठ-दहा किलोमीटरवर आहे, पोचू. तीनएक किलोमीटरवर आधी टकटक, मग ठोकल्यासारखा आवाज, आणि इंजिन एकदम बसले. क्रँक चिकटला होता. गज काढून पाहिला तेव्हा त्याच्या टोकाला थेंबसुद्धा नव्हता. आईला रस्त्यावर तास काढावा लागला. सुदैवाने तिला काही झाले नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीएवढा निघाला. गाडी भंगारात गेली आणि उसने पैसे मात्र दोन वर्षे फेडावे लागले.

या दिव्याचे नीट समजून घ्या. त्यावर तेलाच्या झारीचे चित्र असते. तो ऑईल किती आहे हे दाखवत नाही, ऑईलचा दाब आहे की नाही हे दाखवतो. किल्ली फिरवली की तो लागला पाहिजे. इंजिन सुरू झाले की विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही लागत नसेल तर दिवाच गेला आहे. तो आधी बदला, नाही तर संकटाच्या वेळी तो मुकाच राहील. चालत्या गाडीत तो लागला तर त्याचा अर्थ बेरिंगांना ऑईल पोचत नाही. त्यानंतर इंजिनाचे आयुष्य मिनिटांत मोजावे. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन तिथल्या तिथे बंद करा. घर दिसत असले तरी बंद करा. गज पाहा. ऑईल कमी असेल तर भरा. भरून सुरू केल्यावर दिवा विझला तर हळू घरी जा. गजावर ऑईल भरपूर आहे आणि तरीही दिवा लागतो आहे, तर दोरी बांधून ओढून न्या.

इंजिन तापल्यावर, गाडी उभी असताना दिवा मिणमिणतो आणि थोडा रेस दिला की विझतो, असेही होते. बेरिंगे झिजली आहेत, ऑईल फार पातळ आहे, किंवा नुसता दाबाचा स्विच बिघडला आहे. स्विच स्वस्त असतो. तो आधी बदलून पाहावा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने म्हणूनच आधी निरोप देऊन जाऊ नये. गेल्यावर इंजिनाला हात लावून पाहावा. गरम असेल तर चहा घ्या, गप्पा मारा, ते थंड होऊ द्या, आणि मग आपल्या समोर सुरू करायला सांगा. विकणारा घाई करू लागला तर उठून यावे. गाड्या काय, दुसऱ्या मिळतात.

गळती कशी शोधावी

गळती शोधायला काल वाचून झालेले वर्तमानपत्र पुरते. इंजिन आधी पुसून काढा. रात्री गाडीखाली कागद पसरा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेन्सिलीने काढून ठेवा. सकाळी डाग कुठे पडला ते पाहा. इंजिनाच्या मधोमध काळा डाग, तर तळाचा नट किंवा चेंबरचे गॅस्केट. अगदी पुढे, तर पुढचा सील. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली, तर मागचा सील. पद्मिनीत मागची चाके गाडी ढकलतात, म्हणून मागच्या आसाजवळही दाट, उग्र वासाचे तेल पडू शकते. ते डिफरन्शियलचे. हिरवट पाणी असेल तर ते रेडिएटरचे कूलंट. आणि एखाद्या चाकाजवळ पातळ, चिकट डाग दिसला तर गाडी हलवूच नका. ते ब्रेकचे तेल असण्याचा संभव आहे.

अनेक ठिकाणी एकदम गळू लागले तर सगळे सील बदलण्याआधी इंजिनाचा श्वास पाहावा. आतला वायू बाहेर जायला एक नळी असते. ती काजळीने तुंबली की आत दाब साठतो आणि ऑईल मिळेल त्या फटीतून बाहेर पडते. नळी साफ केली की गळती निम्मी कमी झाल्याची उदाहरणे आहेत. याला खर्च काय? थोडे रॉकेल आणि अर्धा तास.

सातपाटी, मुरबे या समुद्रकाठच्या गावांत आणखी एक दुखणे असते. खाऱ्या हवेने चेंबरचा पत्रा बाहेरून गंजतो आणि बारीक भोक पडते. वर्षातून एकदा गाडी उचलून खालून पाहावी.

ताप आणि पाणी

मे महिन्यात खिंड चढताना गाडी तापते. काटा तांबड्याकडे गेला तर थांबा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा. रेडिएटरचे झाकण उघडू नका! आत उकळते पाणी दाबाखाली असते. ते उसळून तोंडावर येते. अर्धा तास थांबा. मग जाड फडके धरून झाकण हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, हेड तडकते. रेडिएटरमध्ये ओढ्याचे पाणी घालण्याची सवयही सोडावी. त्यातला गाळ आणि क्षार नळ्यांत बसतात. चांगले पाणी आणि कूलंट घालावे. फॅनचा पट्टा ढिला नाही ना, हे बोटाने दाबून पाहावे. तो बोटभर दबावा, अधिक नको.

काटा ठीक आहे, पण चढावर गाडी आचके देऊन बंद पडते आणि थंड झाली की सुरू होते, असे झाले तर पेट्रोलची नळीतच वाफ झाली आहे. पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवा. दहा मिनिटांत गाडी चालू लागते. जुने टॅक्सीवाले डिकीत फडके आणि पाण्याची बाटली बाळगीत, ते याचसाठी.

हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी केलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, मऊ पडतात आणि चिरतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर गाडी पेटते. या नळ्या एकदाच, इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या, बदलून घ्या. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते.

पावसात सकाळी गाडी सुरू होत नसेल तर ते इंजिनाचे दुखणे नव्हे. डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढा, आतला दमटपणा कोरड्या फडक्याने पुसा, पॉइंट आणि प्लग साफ करा. बहुधा तेवढ्याने भागते. मात्र बंद खोलीत किंवा दार लावलेल्या पडवीत इंजिन कधीही चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. माणूस बसल्या जागी मरतो.

गाडीची वही

दोन रुपयांची असो की वीस रुपयांची, एक वही गाडीत ठेवा. तारीख, किलोमीटर आणि किती ऑईल घातले, एवढे तीन रकाने पुरतात. १,००० किलोमीटरला अर्धा लिटर ऑईल लागले तर म्हाताऱ्या गाडीला ते माफ आहे. एक लिटर किंवा अधिक लागू लागले तर मिस्त्रीकडे जायची वेळ झाली. वही नसेल तर हे समजायचे कसे? "मागच्याच महिन्यात घातलं होतं वाटतं" या अंदाजावर इंजिने जातात.

याच वहीत सरकारी तारखाही लिहा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून मिळते. पालघर हा वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. आमच्याकडच्या जुन्या गाड्यांवर ठाण्याचा एम.एच. ०४ दिसतो, आणि नव्यांवर वसईच्या कार्यालयाचा एम.एच. ४८. प्रदूषणाच्या दाखल्याची मुदतही लिहून ठेवा. जिच्या रिंगा झिजल्या आहेत, ती गाडी बहुधा तिथेच अडकते.

जुने ऑईल टाकायचे कुठे?

ऑईल बदलले की तीनेक लिटर काळे तेल हाती उरते. कोणी ते कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासतात. कोणी बांधावर ओततात. कोणी डबा नदीच्या पाण्यातच धुतात. हे तेल साधे नसते. त्यात धातूचा झिजलेला कीस आणि जळकी द्रव्ये असतात. सतत कातडीला लागले तर कातडीचे भयंकर रोग होऊ शकतात. म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, पेट्रोलने नव्हे. जमिनीत ओतलेले तेल झिरपत विहिरीला लागते. आणि मासवणची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. आपल्या गावापाशी सूर्या नदीचे पाणी पंपाने उचलले जाते आणि ते वसई-विरारच्या लोकांच्या घरी प्यायला जाते. इथे नदीत सोडलेले तेल तवंग होऊन त्याच पाण्यावर पसरते.

वापरलेले ऑईल हे २०१६ च्या सरकारी नियमांप्रमाणे धोकादायक कचऱ्यात मोडते. ते शुद्ध करून पुन्हा वापरणारे परवानाधारक कारखाने आहेत, आणि मोठ्या गॅरेजांतून त्यांच्याकडे माल जातो. म्हणून उतरवलेले ऑईल रिकाम्या डब्यात भरावे. भोक न पाडलेला एक डबा एवढ्यासाठीच ठेवावा. झाकण घट्ट लावावे, वर 'जुने ऑईल' असे मोठ्या अक्षरांत लिहावे, मुलांच्या हाताला लागणार नाही असे उंच ठेवावे आणि पालघरला किंवा बोईसरला जाताना गॅरेजात नेऊन द्यावे. त्यात पाणी किंवा ब्रेकचे तेल मिसळू नये, नाही तर गॅरेजवाला ते घेत नाही.